बाह्यरेषी अक्षरवळण

बाह्यरेषी अक्षरवळण (आउटलाइन टाइपफेस) म्हणजे ज्या अक्षरवळणात अक्षराचे अंग शाईने भरलेले नसून केवळ त्याची कड रेषेने दाखवलेली असते, असे अक्षरवळण. अक्षराच्या आतील भाग कागदाच्या किंवा पार्श्वभूमीच्या रंगाचाच राहतो. त्यामुळे अक्षर आकाराने मोठे असूनही हलके दिसते. पुस्तकांची मुखपृष्ठे, नियतकालिकांचे मथळे, निमंत्रणपत्रिका, भित्तिपत्रके, दुकानांच्या पाट्या आणि बोधचिन्हे अशा दर्शनी अक्षररचनेत त्याचा उपयोग होतो. सलग मजकुरासाठी ते वापरले जात नाही.

संगणकशास्त्रात ‘आउटलाइन फॉन्ट’ ही संज्ञा वेगळ्या अर्थाने येते. ज्या फॉन्टमध्ये अक्षराचा आकार ठिपक्यांच्या जाळीऐवजी गणिती वक्रांनी साठवलेला असतो, त्यास तेथे ‘आउटलाइन फॉन्ट’ म्हणतात. पोस्टस्क्रिप्ट, ट्रूटाइप आणि ओपनटाइप हे सर्व त्या अर्थाने आउटलाइन फॉन्ट होत. त्यांतील अक्षरे दिसण्यास भरीव असू शकतात. प्रस्तुत लेख दृश्य स्वरूपाने पोकळ असणाऱ्या अक्षरवळणांविषयी आहे.

## प्रकार

पोकळ किंवा अर्धपोकळ अक्षरवळणांचे पुढील चार प्रकार मानले जातात. व्यवहारात त्यांची नावे एकमेकांच्या जागी वापरली जातात, तथापि त्यांची रचना भिन्न आहे.

* बाह्यरेषी (आउटलाइन): अक्षराभोवती सर्वत्र एकाच जाडीची रेषा असते. आतील भाग पूर्ण रिकामा असतो.
* अंतर्रेषी (इनलाइन): अक्षर भरीव असते, परंतु त्याच्या दांड्यांतून एक बारीक पांढरी रेषा कोरलेली असते. गडदपणा बराच टिकून राहत असल्याने हा प्रकार बाह्यरेषीपेक्षा अधिक ठळक दिसतो.
* खुले (ओपन फेस): अक्षराची एक कड बारीक व दुसरी जाड असते. पांढरा भाग दांड्याच्या मध्यावर नसून बहुधा डावीकडे सरकलेला असतो. प्रकाश डावीकडून पडला आहे आणि उजवी बाजू सावलीत आहे, असा भास त्यातून निर्माण होतो.
* छायांकित (शेडेड किंवा शॅडो): अक्षराला बाहेरच्या बाजूस सावली किंवा जाडी दिलेली असते. काही छायांकित वळणांत मूळ अक्षराची कडच नसते. केवळ सावलीवरून वाचकाचा डोळा अक्षर पूर्ण करतो.

जुन्या धाटणीची, डौलदार म्हणून ओळखली जाणारी बहुतेक वळणे तिसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांच्या कडेच्या जाडीतील चढउतारामुळे अक्षर कोरीव वाटते. सर्वत्र समान जाडीची बाह्यरेषा मात्र यांत्रिक आणि आधुनिक वाटते.

## इतिहास

### कोरीव कामापासून खिळ्यांपर्यंत

सतराव्या व अठराव्या शतकांत युरोपातील पुस्तकांची शीर्षकपृष्ठे, नकाशे आणि व्यापारी पत्रके अनेकदा ताम्रपटावर कोरून छापली जात. कोरक्याला अक्षराच्या आत बारीक रेषा ओढणे, एक बाजू गडद करणे किंवा अक्षर पोकळ ठेवणे सहज शक्य होते. ओतीव खिळ्यांनी छपाई करणाऱ्यांना हे सौंदर्य उपलब्ध नव्हते. खिळे ओतणाऱ्या कारखान्यांनी त्याची बरोबरी करण्यासाठी पोलादी ठशांवरच पोकळ व अलंकृत अक्षरे कोरण्यास सुरुवात केली.

पॅरिसमधील प्येर-सिमों फुर्निये (१७१२–१७६८) याने अशी अलंकृत मोठी अक्षरे तयार केली. १७६४ व १७६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘मान्युएल तिपोग्राफीक’ या ग्रंथात त्यांचे नमुने आहेत. हार्लेम व ब्रुसेल्स येथे काम केलेल्या झाक-फ्रांस्वा रोझार (१७१४–१७७७) याची अलंकृत अक्षरेही याच परंपरेतील आहेत.

### जाहिरातीचे युग

एकोणिसाव्या शतकात औद्योगिक उत्पादन व जाहिरात यांची वाढ झाली आणि पुस्तकी अक्षरांहून वेगळ्या, लांबून लक्ष वेधणाऱ्या अक्षरांची मागणी निर्माण झाली. लंडनमधील व्हिन्सेंट फिगिन्स याच्यासारख्या खिळेनिर्मात्यांच्या नमुनापुस्तकांत छायांकित व पोकळ अक्षरांची संख्या वाढत गेली. याच काळात शिळाछापाचा प्रसार झाला. दगडावर थेट रेखाटता येत असल्याने शिळाछापाचा कारागीर कोणतेही अक्षर हवे तसे सजवू शकत असे. या स्पर्धेमुळेही खिळेनिर्मात्यांना सजावटी वळणे काढत राहावे लागले.

अमेरिकेत न्यू यॉर्कच्या डॅरियस वेल्स याने १८२७–२८ च्या सुमारास लाकडी अक्षरांचे यांत्रिक उत्पादन सुरू केले. मोठ्या आकाराचे शिशाचे खिळे जड व महाग असत. लाकडी अक्षरे हलकी आणि स्वस्त असल्याने भित्तिपत्रकांसाठी ती सोयीची ठरली. लाकडी अक्षरांतूनच द्विरंगी संच पुढे आले. त्यात एक ठोकळा अक्षराच्या भरावाचा आणि दुसरा त्याच्या बाह्यरेषेचा असे. दोन्ही वेगवेगळ्या रंगांत एकावर एक छापले जात. विल्यम पेज याच्या कंपनीचे १८७४ मधील रंगीत लाकडी अक्षरांचे नमुनापुस्तक या तंत्राचा ठळक दाखला मानले जाते. आजच्या संगणकीय ‘थरयुक्त’ फॉन्टांची कल्पना याच पद्धतीवर आधारलेली आहे.

### विसाव्या शतकातील पुनरुज्जीवन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खिळेनिर्मात्यांनी जुन्या कोरीव अक्षरांचा संयत रूपात पुन्हा स्वीकार केला. आज ‘जुन्या धाटणीची पोकळ अक्षरे’ म्हटल्यावर जी वळणे डोळ्यांसमोर येतात, त्यांपैकी पुष्कळशी या काळातील आहेत.

* कॅस्लॉन ओपनफेस (१९१५): शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या संस्थेने काढलेले नाजूक वळण.
* नार्सिसस (१९२१): वॉल्टर टीमान याने जर्मनीतील क्लिंगस्पोर ओतशाळेसाठी रचलेले वळण. अठराव्या शतकातील अलंकृत अक्षरांची ते आठवण करून देते.
* गाउडी हँडटूल्ड (१९२२): अमेरिकन टाइप फाउंडर्स या संस्थेने काढलेले वळण. दांड्यांच्या डाव्या बाजूने पांढरी रेषा जाते. भरीव भाग अधिक असल्याने ते तुलनेने लहान आकारातही टिकते.
* डेल्फियन ओपन टायटल (१९२८): आर. हंटर मिडलटन याने लडलो कंपनीसाठी रचले.
* प्रिझ्मा (१९३१): रुडॉल्फ कोख याचे, समांतर रेषांनी बनलेल्या मोठ्या अक्षरांचे वळण. त्याचा सांगाडा कोखच्याच काबेल या वळणाचा आहे.
* स्मारग्ड: गुड्रुन त्साप्फ-फॉन हेसे यांनी श्टेंपेल ओतशाळेसाठी १९५०च्या दशकाच्या आरंभी रचले. नावाचा अर्थ ‘पाचू’ असा आहे.
* कॅस्टेलर (१९५७): जॉन पीटर्स याने मोनोटाइपसाठी रचलेले, रोमन शिलालेखांची छाप असलेले अंतर्रेषी वळण.

यांपैकी नार्सिसस, गाउडी हँडटूल्ड यांसारखे अपवाद वगळता अनेक वळणांत केवळ मोठी रोमन अक्षरे आहेत. ती शीर्षकांसाठीच अभिप्रेत होती. निकोलेट ग्रे यांच्या १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एकोणिसाव्या शतकातील अलंकृत अक्षरांवरील ग्रंथामुळे या अक्षरांकडे अभ्यासविषय म्हणून पाहिले जाऊ लागले.

### प्रकाशअक्षरजुळणी व संगणक

प्रकाशअक्षरजुळणीच्या काळात बाह्यरेषेसाठी स्वतंत्र ठसे कोरण्याची गरज उरली नाही. एकाच अक्षराची धन व ऋण फिल्म एकमेकांवर ठेवून, मध्ये पारदर्शक पापुद्रा घालून आणि प्रकाशाची दिशा फिरवत ठेवून, अक्षर किंचित फुगवता येत असे. फुगवलेल्या अक्षरातून मूळ अक्षर वजा केले की बाह्यरेषा उरे. घासून उमटवण्याच्या लेट्रासेट पत्र्यांमुळे १९६०च्या दशकापासून अशी वळणे लहान कार्यालयांतही पोचली. १९७०च्या दशकात न्यू यॉर्कच्या इंटरनॅशनल टाइपफेस कॉर्पोरेशनने आपल्या काही वळणांसोबत बाह्यरेषी आवृत्त्याही दिल्या.

१९८४ मधील ॲपल मॅकिंटॉश संगणकावर ठळक, तिरपे व अधोरेखित यांच्या जोडीला ‘आउटलाइन’ आणि ‘शॅडो’ हे पर्याय होते. कोणतेही अक्षर एका आज्ञेने पोकळ करणे त्यामुळे सामान्य वापरकर्त्यालाही शक्य झाले. पोस्टस्क्रिप्टच्या टाइप १ फॉन्टमध्येही अक्षर भरण्याऐवजी त्याची रेषा ओढण्याची सोय होती. आज चित्ररेखाटनाच्या आज्ञावल्यांत तसेच सीएसएस व एसव्हीजी यांमध्ये अक्षरांना रेषा देता येते.

## रेखाटलेली आणि यांत्रिक बाह्यरेषा

भरीव अक्षराला आज्ञावलीद्वारे रेषा देणे आणि मुळातच पोकळ म्हणून रेखाटलेले वळण वापरणे, यांचे परिणाम भिन्न असतात.

आज्ञावलीतील रेषा बहुधा अक्षराच्या कडेवर मध्यभागी बसते, म्हणजे तिची अर्धी जाडी आत व अर्धी बाहेर जाते. परिणामी अक्षर बाहेरून फुगते, दोन अक्षरांमधील अंतर घटते आणि आतील पोकळी आक्रसते. बारीक व जाड दांडे असलेल्या अक्षरात जाड दांड्याच्या आत पुरेशी मोकळी जागा राहते, परंतु बारीक दांड्याच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडून तो भरीव दिसू लागतो. टोकदार कोपऱ्यांवर रेषेचे अनावश्यक काटे निघतात. रेखाटलेल्या वळणात अक्षरकार हे सर्व आधीच विचारात घेतो. तो बारीक दांडे थोडे रुंद करतो, सांध्यांजवळची रेषा पातळ करतो आणि अक्षरांमधील अंतर वाढवतो.

आकार बदलताना दोन विरुद्ध दोष संभवतात. ७२ पॉइंटांच्या अक्षराला १ पॉइंट जाडीची रेषा असेल आणि अक्षर प्रमाणात लहान करून १२ पॉइंट केले, तर रेषा सुमारे ०.१७ पॉइंट, म्हणजे ०.०६ मिलिमीटर उरते. ती छपाईत तुटते. याउलट रेषेची जाडी १ पॉइंटच कायम ठेवून अक्षर लहान केले, तर रेषाच अक्षराला गिळून टाकते. म्हणून आकार बदलला की रेषेची जाडी पुन्हा ठरवावी लागते.

परिवर्तनीय (व्हेरिएबल) फॉन्टांमध्ये आणखी एक अडचण येते. त्यांत एकाच अक्षराचे भाग परस्परांवर चढलेल्या स्वतंत्र आकृत्यांनी बनलेले असू शकतात. भरीव रूपात हे दिसत नाही. रेषा दिली की आतील छेद उघडे पडतात.

## देवनागरी लिपीतील विशेष प्रश्न

रोमन अक्षरे सुटी असतात, तर देवनागरीत शब्दातील अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात. हा फरक बाह्यरेषी वळणाच्या दृष्टीने निर्णायक ठरतो.

### शिरोरेषेचे सांधे

देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर शिरोरेषेचा स्वतःचा तुकडा असतो. शेजारचे तुकडे एकमेकांना भिडतात किंवा किंचित एकमेकांवर चढतात, आणि भरीव रूपात ती एकसंध रेषा वाटते. अशा शब्दाला यांत्रिक बाह्यरेषा दिली की प्रत्येक सांध्यावर उभ्या रेषा उमटतात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द घेतल्यास म, हा, रा, ष्ट्र या प्रत्येकाच्या सीमेवर शिरोरेषा कापलेली दिसते. काना, वेलांटी आणि मात्रा ही चिन्हे जेथे शिरोरेषेला मिळतात, तेथेही असेच छेद पडतात. शब्दाचे मुख्य दृश्य लक्षण म्हणजे अखंड शिरोरेषा, आणि नेमके तेच यामुळे मोडते.

यावर पुढील उपाय योजले जातात.

* शब्दाचे चित्राकृतीत रूपांतर करून सर्व आकृत्या एकत्र जोडणे व नंतर रेषा देणे. बोधचिन्हे व मुखपृष्ठांसाठी हा उपाय निर्दोष आहे. मात्र रूपांतरानंतर शब्दाचा मजकूर म्हणून संपादन करता येत नाही. त्यामुळे शुद्धलेखन आधी तपासून घेणे आवश्यक ठरते.
* दोन थर वापरणे. खालच्या थरात जाड रेषा दिलेला शब्द आणि त्यावर तोच शब्द पार्श्वभूमीच्या रंगात भरीव ठेवला, तर आतील सर्व सांधे झाकले जातात आणि केवळ बाहेरची कड दिसते. येथे मजकूर संपादनयोग्य राहतो. मात्र पार्श्वभूमी छायाचित्राची असल्यास हा उपाय चालत नाही.
* फॉन्टमध्येच तरतूद करणे. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा दोन्ही बाजूंना उघडी ठेवून, शब्दाच्या आरंभी व शेवटी येणारी बंद टोके संदर्भानुसार बदलणाऱ्या पर्यायी आकारांतून पुरवता येतात. जोडाक्षरे व स्वरचिन्हे यांच्यामुळे अशा आकारांची संख्या मोठी होते आणि हे काम श्रमाचे ठरते.

### अक्षरभेद टिकवणे

मराठीतील काही अक्षरांत भेद सूक्ष्म असतो. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या शिरोरेषेत खंड असतो, तर ‘घ’ आणि ‘म’ यांच्यात तो नसतो. बाह्यरेषेची जाडी बाहेरच्या बाजूने वाढली की हा खंड बुजतो. मग ‘धर’ आणि ‘घर’ किंवा ‘भला’ आणि ‘मला’ यांत गल्लत होऊ शकते. शीर्षक एक-दोन शब्दांचेच असल्याने संदर्भावरून अर्थ लावण्याची सोय वाचकाला नसते. त्यामुळे हा दोष सलग मजकुरापेक्षा शीर्षकात अधिक गंभीर ठरतो.

अनुस्वाराचे टिंब पोकळ केल्यास त्याचे लहान वर्तुळ होते व ते लाघवचिन्हासारखे दिसते. म्हणून अनुस्वार, चंद्रबिंदूतील टिंब आणि विसर्ग ही चिन्हे बाह्यरेषी शब्दातही अनेकदा भरीव ठेवली जातात. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’ यांसारख्या दाट अक्षरांत प्रत्येक दांड्याच्या दोन कडा दाखवाव्या लागल्याने रेषांची गर्दी होते. अशा ठिकाणी जोडाक्षराची उभी मांडणी सोडून आडवी मांडणी निवडणे किंवा संपूर्ण शब्दासाठी रुंद वळण घेणे हिताचे असते.

### हस्तलिखित परंपरा

वरील अडचणींमुळे मराठीतील पोकळ व छायांकित शीर्षके दीर्घकाळ हातानेच रेखाटली गेली. पाट्या रंगवणारे कारागीर, चित्रपटांच्या भित्तिपत्रकांचे रंगारी आणि नियतकालिकांचे सजावटकार शब्द हा एकच आकार मानून त्याची कड आखत. त्यामुळे सांध्यांचा प्रश्न उद्भवत नसे. मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींतील शीर्षकांसाठी ख्यातनाम असलेले अक्षरकार कमल शेडगे यांच्या कामातून, शब्दाच्या अर्थानुसार त्याचे संपूर्ण रूप घडवण्याची ही पद्धत स्पष्ट दिसते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांपासून प्रेरणा घेतलेला ‘यात्रा वन’ हा फॉन्ट हस्तलिखित परंपरा संगणकावर आणण्याच्या प्रयत्नाचे उदाहरण आहे. ‘मोदक’ या अतिशय ठळक देवनागरी फॉन्टमध्ये उलट विचार आढळतो. त्यात अक्षराचे अंग जवळपास सर्व जागा व्यापते आणि आतील पोकळ्या केवळ केसासारख्या बारीक रेषा म्हणून उरतात.

## दर्शनी अक्षररचनेतील वापर

### दृश्य वजन

बाह्यरेषी शब्दात शाईचे प्रमाण कमी असल्याने तो त्याच आकाराच्या भरीव शब्दापेक्षा फिकट दिसतो. या गुणाचा उपयोग श्रेणी ठरवण्यासाठी होतो. एखादा शब्द मोठा हवा, पण त्याने मुख्य शब्दावर मात करू नये, असे असल्यास तो पोकळ ठेवला जातो. याच कारणामुळे तातडीची सूचना, धोक्याचा इशारा किंवा लांबून वाचावयाची दिशादर्शक पाटी यांसाठी हे वळण अयोग्य ठरते. दूर अंतरावरून बारीक रेषा पार्श्वभूमीत मिसळून जातात.

### जोड व प्रमाण

जुन्या धाटणीच्या पोकळ वळणासोबत साधे, शांत मजकूरवळण घेण्याची पद्धत आहे. एकाच पानावर दोन अलंकृत वळणे आल्यास ती परस्परांशी स्पर्धा करतात. शीर्षक थोड्या शब्दांचे ठेवणे आणि अक्षरांमध्ये नेहमीपेक्षा किंचित अधिक अंतर देणे, हे रोमन लिपीत उपयुक्त ठरते. देवनागरीत मात्र अक्षरांमधील अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटते. त्यामुळे तेथे मोकळेपणा अक्षरांच्या रुंदीतून आणि शब्दांमधील अंतरातून साधावा लागतो.

### छपाई

छपाईत शाई थोडी पसरते. खरबरीत, शोषक कागदावर हे प्रमाण अधिक असते आणि आतील बारीक पांढरी रेषा बुजते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी बाह्यरेषा असल्यास भोवतालची शाई आत सरकून रेषा आणखी बारीक होते. म्हणून तेथे ती जाड ठेवतात. चार रंगांच्या मिश्रणातून बारीक रेषा छापल्यास रंगांची जुळणी किंचित हलली तरी कडेला रंगीत झालर दिसते. ही रेषा एकाच शाईत छापणे सुरक्षित असते. सोनेरी वर्खाची छपाई आणि उठावाची छपाई यांत पोकळ अक्षरे विशेष खुलतात. लग्नपत्रिका व सन्मानपत्रे यांवर ती वारंवार आढळण्याचे हे एक कारण आहे.

### पडदा व सुगम्यता

कमी घनतेच्या पडद्यावर एका चित्रबिंदूएवढी रेषा करड्या छटांत विरघळते. आंतरजालावरील सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांच्या ‘एए’ पातळीनुसार सर्वसाधारण मजकूर व पार्श्वभूमी यांच्यातील प्रकाशभेदाचे प्रमाण किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३:१ असावे लागते. बोधचिन्हातील मजकुराला यातून सूट आहे. रेषा अतिशय बारीक असल्यास हे प्रमाण कागदोपत्री पूर्ण होऊनही मंददृष्टी वाचकाला अक्षर दिसत नाही. शीर्षक चित्ररूपात ठेवले असल्यास पडदावाचकासाठी पर्यायी मजकूर द्यावा लागतो.

## मर्यादा

बाह्यरेषी वळणाचा परिणाम त्याच्या विरळ वापरावर अवलंबून असतो. वाचक अक्षर ओळखताना मुख्यतः त्याच्या भरीव अंगाचा व आतील पोकळीचा आकार पाहतो. बाह्यरेषी अक्षरात अंग आणि पोकळी दोन्ही एकाच रंगाची असल्याने ही ओळख मंदावते. एक-दोन शब्दांत हा विलंब जाणवत नाही, परिच्छेदात तो थकवा आणतो. जुन्या नमुनापुस्तकांत अशी वळणे बहुधा मोठ्या आकारांत आणि शीर्षकांपुरती दिली गेली, त्यामागे हाच व्यावहारिक अनुभव होता.

## हे सुद्धा पहा

* अक्षरवळण
* देवनागरी
* मुद्रण
* शिळामुद्रण
* सुलेखन
* ओपनटाइप